गीता ५.२ : तार न तोडता भरता येतं का?



आजचा श्लोक : अध्याय ५, श्लोक २

काल पाचव्या अध्यायाचा पहिला श्लोक झाला. अर्जुनाने अगदी आपल्या मनातलाच प्रश्न विचारला होता. देवा, तू एकदा कर्म सोडायला सांगतोस आणि एकदा कर्म करायला सांगतोस. दोन्हींतलं जे नक्की हिताचं, ते एकच काय ते सांग. आज भगवंतांचं उत्तर आहे. ते म्हणतात, संन्यास आणि कर्मयोग दोन्ही कल्याणाकडेच नेतात, पण दोघांत कर्म टाकून देण्यापेक्षा कर्मयोग सरस.

'दोन्ही चांगले' एवढं बोलून देव थांबले असते तर आपली सोय झाली असती. ते थांबत नाहीत. डावं-उजवं करतात. आणि तरीही संन्यासाला चूक म्हणत नाहीत. म्हणजे प्रश्न 'बरोबर की चूक' असा नाहीच. कोणी, कधी आणि कशी तार काढायची, असा आहे.

तार म्हटलं, कारण आज हा श्लोक मी बॅटरीवरून समजून घेणार आहे. आपण सगळे मनाबद्दल बोलताना हीच भाषा वापरतो ना? 'आज पार डाउन आहे रे.' 'दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन रिचार्ज होऊन येतो.' या भाषेत एक गोष्ट आपण न तपासता मान्य केलेली असते : भरायचं असेल तर आधी तार काढावी लागते. घर, नोकरी, आई-बाबा, ईएमआय हा सगळा लोड. लोड काढला की आपण भरणार. हे खरं आहे का?

प्रश्न नुसता तात्त्विक नाही. आमच्या टीममधल्या एका मुलाने तो मला परवा विचारला. वय २९. वडील दोन वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणावर. आईचे गुडघे गेलेले. बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी. मुलगा मनापासून नाम घेणारा आहे, देखावा करणारा नाही. त्याला एक वर्ष नोकरी सोडून आश्रमात जाऊन राहायचंय. म्हणाला, "दादा, घरी माझं नाम होतच नाही. घर मला उतरवतं. आधी मी भरलो, तरच दुसऱ्याला काही देऊ शकेन ना?"

हा आळशी माणसाचा युक्तिवाद नाही. रिकामी बॅटरी दुसऱ्याची गाडी सुरू करू शकत नाही, हे कोण नाकारेल? म्हणून त्याला घाईने 'अरे, आई-वडिलांची सेवा हीच पूजा' असं ऐकवून मोकळं होणं मला बरं वाटलं नाही. ते वाक्य खरं आहे, पण रात्री दोनदा उठून वडिलांची कूस बदलणाऱ्याला ते फेकून मारू नये.

बॅटरी मुळात कशी जगते?

आमच्या हुडकेश्वर रोडवर बॅटरीचं काम करणारे एक काका आहेत. मे महिन्यात त्यांच्याकडे रांग असते, कारण आपल्या नागपूरचा उन्हाळा बॅटरीला थंडीपेक्षा जास्त खातो. त्यांना विचारलं, चार्ज करायला बॅटरी गाडीतून काढायची का? काका म्हणाले, "कायले काढता भाऊ? लावलेलीच राहू द्या. किल्ली काढा, दिवे बंद करा. हं, हे जुनं चार्जर लावाचं असन तं मात्र काढा लागते."

या दोन-तीन वाक्यांत अर्धा पाचवा अध्याय आहे असं मला वाटतं. नीट बघू.

गाडीची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा सेल, प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. पूर्ण भरून शांत असलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. तिला भरायचं तर तिच्याहून वरचा दाब हवा, साधारण १४ ते १४.५ व्होल्ट. इंजिन चालू असताना हे काम अल्टरनेटर करतो. त्याच वेळी दिवे लागलेले असतात, वायपर फिरत असतो, हॉर्न वाजत असतो, गाणी चालू असतात. बॅटरी या सगळ्यांना जोडलेली असते आणि भरतही असते. तीन-चार वर्षांच्या आयुष्यात बहुतेक बॅटऱ्या एकदाही सुटत नाहीत. म्हणजे जोडलेलं असताना भरणं हा अपवाद नाही. तोच नियम आहे.

आणखी एक गंमत. अल्टरनेटरला वीज बनवायला सुरुवातीला स्वतःत चुंबक जागा करावा लागतो, आणि त्यासाठीचा पहिला प्रवाह बॅटरीच देते. इंजिनाला पहिला झटकाही तीच देते. आधी ती देते, मग तिला मिळतं. तिसऱ्या अध्यायात यज्ञाचं चक्र सांगितलंय, एकमेकांना पोसत दोघांनी श्रेय मिळवायचं. ते चक्र बॉनेटखाली रोज फिरतंय. 'आधी पूर्ण भरेन, मग देईन' असं बॅटरी म्हणाली असती तर गाडी गॅरेजमधून निघालीच नसती.

बरं, काढून बाजूला ठेवलेली बॅटरी तरी भरलेली राहते का? नाही. कशालाही न जोडता कपाटात ठेवली तरी ती आपोआप उतरत जाते, आणि उकाड्यात जास्त वेगाने उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो. मग चार्जर लावला तरी ती पूर्वीसारखी घेत नाही. तिसरा अध्याय हेच बजावतो : क्षणभरही कोणी कर्म केल्यावाचून राहत नाही, आणि हातपाय आवरून मनात विषय घोळवत बसणारा स्वतःला फसवतो. लोड काढला म्हणजे गळती थांबली, असं नाही. आश्रमातही मन सोबत येतं.

जोडलेलं असणं वेगळं, चालू असणं वेगळं

आता काकांचं पुढचं वाक्य : किल्ली काढा, दिवे बंद करा.

बॅटरी गाडीतच ठेवून बाहेरून चार्जर लावायचा तर बॅटरी जोडलेली चालते, पण गाडी चालू चालत नाही. का? हल्लीचा स्वयंचलित चार्जर बॅटरी भरली हे ओळखतो कशावरून? भरत आली की ती कमी-कमी प्रवाह ओढते, त्यावरून. तो प्रवाह ठरावीक पातळीखाली गेला की चार्जर दाब उतरवतो आणि नुसती राखण करतो. पण मागे हेडलाइट आणि पंखा चालू असेल तर प्रवाह कमी होतच नाही. चार्जरला वाटतं, बॅटरी अजून भुकेली आहे. तो वरचा दाब तसाच ठेवतो, आतलं पाणी उडत राहतं. किंवा लोड मोठा असेल तर सगळा प्रवाह तिकडेच जातो आणि बॅटरी रिकामीच राहते. दोन्हींत बाहेरून मात्र 'रात्रभर चार्जिंगला होती' असंच दिसतं.

आपल्या जपाचं असंच होतं की नाही? माळ हातात, मोबाईल शेजारी उपडा, मधूनच ऑफिसचा ग्रुप. तास झाला. त्यातलं किती आत भरलं आणि किती परस्पर खर्च झालं, हे ना आपल्याला कळतं ना कोणाला.

पण इथेच एक दिलासाही आहे. किल्ली काढली तरी गाडी पूर्ण मरत नाही. घड्याळ, लॉक, कॉम्प्युटरची स्मृती यांसाठी ती साधारण २० ते ५० मिलीॲम्पिअर ओढत असतेच. ५० धरले तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास होतात. छोट्या गाडीची ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी एवढ्याने सुमारे दोन आठवड्यांत अर्धी होईल. पण चार्जर लावलेला असेल तर हा खर्च तो सहज पेलतो. म्हणजे लोड शून्य व्हायला हवा अशी अट नाही. तो झोपलेला असला तरी पुरे.

त्या मुलाशी बोलताना आम्ही हाच हिशेब मांडला. वडिलांचं करण्यात त्याचे सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास जातात. त्याशिवाय एक कान सतत त्यांच्या खोलीकडे असतो. तो कान म्हणजे ते ५० मिलीॲम्पिअर. तो बंद होणार नाही, आणि व्हायलाही नको. मग हेडलाइट कुठे आहे? त्यानेच सांगितलं : रात्री साडेदहाला हातात घेतलेला मोबाईल साडेबाराला खाली जातो. आता, थकलेला माणूस मोबाईल घेतो, कारण त्याच्यात दुसरं काही करायची ताकद उरलेली नसते. हे मला कळतं. पण मग 'घर मला उतरवतं' हे निदान पूर्ण बरोबर नाही. लोड कुठला आहे हे न मोजता आपण सगळ्यात मोठी तार कापायला निघतो.

शेवटचा जोड आणि ठिणगी

चार्जर लावायचा क्रम ठरलेला आहे. मेनचं बटण बंद ठेवून आधी लाल चिमटा बॅटरीच्या प्लसवर. मग काळा चिमटा बॅटरीच्या मायनसवर नाही, तर तिथून जरा लांब, इंजिनाच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूवर. मग बटण चालू. काढताना उलट : आधी बटण बंद, मग काळा, मग लाल. हल्लीच्या अनेक गाड्यांत, विशेषतः सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत, मायनसच्या टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तिथेही काळा चिमटा बॉडीलाच लावायचा, म्हणजे आत किती भरलं याचा हिशेब गाडीला लागतो.

हा क्रम का? कारण शेवटचा जोड बसताना ठिणगी पडू शकते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून बॉनेट उघडं, जागा मोकळी, विडी-सिगारेट लांब.

यात मला जास्त भिडलं ते वेगळंच. बॅटरी रिकामी असताना हा वायू फारसा होत नाही. ती भरत आली, दाब वर गेला की होतो. साधनेतही तसंच बघा. नवीन नाम घेणाऱ्याला अहंकार कुठला? त्याला लाजच वाटत असते. चार वर्षं नेम टिकला, डोळ्यांत पाणी यायला लागलं, लोक 'तुमचं छान चाललंय' म्हणायला लागले, की आत वायू जमतो. 'मी साधक, हे प्रपंचातले लोक.' आणि तो बंद खोलीत जमला तर एक ठिणगी पुरते.

हे नुसतं रूपक नाही हे सांगायला एक दुःखद घटना सांगतो. आयएनएस सिंधुरक्षक या पाणबुडीवर फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला आग लागली आणि एक नौसैनिक गेला. बॅटरीच्या सदोष झडपेतून हायड्रोजन गळला, हे कारण नौदलाने सांगितलं होतं. पाणबुडीत हवा खेळती ठेवणं हा म्हणूनच जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

साधकासाठी ही खेळती हवा कुठून येते? मला वाटतं, बरीचशी घरातून. घरचे लोक आपल्याला संत मानत नाहीत, ही त्यांची मोठी कृपा आहे. ध्यानातून उठल्यावर आई म्हणते, 'सिलेंडर संपलाय, नंबर लाव.' झालं, वायू गेला. आश्रमात सगळेच साधक, सगळेच आदराने बोलणार. तिथे बॉनेट कोण उघडणार?

दाब किती?

काकांनी जुन्या चार्जरला वेगळं काढलं, त्याला कारण आहे. नुसता ट्रान्सफॉर्मर असलेला जुना चार्जर दाब आवरत नाही. बॅटरी भरली तरी तो ढकलत राहतो, १५-१६ व्होल्टांच्याही वर जाऊ शकतो. बॅटरीला जोडलेली नाजूक इलेक्ट्रॉनिक्स त्याने बिघडू शकतात. स्वयंचलित चार्जर साधारण १४.४ च्या आसपास थांबतो, आणि तेवढा दाब गाडीला रोजचा ओळखीचा असतो. अल्टरनेटरही तेवढाच देतो. शिवाय उष्णता वाढली की भरण्याचा दाब थोडा कमी करावा लागतो, १२ व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे सुमारे ०.०२ व्होल्ट. म्हणजे जानेवारीत जो दाब मानवतो तोच मेमधल्या ४५ अंशांत जास्त होतो.

सहाव्या अध्यायात देव हेच म्हणतात : फार खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, ज्याचा आहार, झोप, जागं राहणं आणि काम मापात, त्याचं दुःख योग दूर करतो. जोडलेल्या माणसाने मापातच भरावं. घरात पेशंट आहे, ऑफिसात रिलीज आहे, अंग आधीच तापलेलं आहे, आणि आपण संकल्प सोडतो पहाटे तीनला उठून ६४ माळांचा. चौथ्या दिवशी आपण आईवर ओरडतो. दोष नामाचा नाही. दाबाचा आहे.

मग तार कधीच काढायची नाही का?

काढायची. भगवंतांनी दोन्ही मार्ग कल्याणाचे म्हटले आहेत, आणि तेराव्या अध्यायात एकांताची आवड हे ज्ञानाचं एक लक्षण म्हणून मोजलं आहे. बॅटरीलाही कधी दुरुस्तीसाठी १५.५-१६ व्होल्टांचा उपचार द्यावा लागतो. तेव्हा ती गाडीपासून सोडवलीच पाहिजे. ती फुगली, तडकली, गळू लागली, तर चार्ज करणंच धोक्याचं, सोडवायचीच. पण त्याचाही क्रम आहे. गाडी बंद. आधी काळी तार, मग लाल. लावताना आधी लाल, शेवटी काळी.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही : इंजिन चालू असताना बॅटरीची तार उपटायची नाही. अल्टरनेटर तपासायला काही मेकॅनिक पूर्वी तसं करायचे. हल्लीच्या गाडीत ते महागात पडतं. अल्टरनेटर जोरात वीज देत असतो, ती झेलणारी बॅटरी अचानक नाहीशी होते आणि दाब उसळतो; संरक्षण नसेल तर ८० ते १०० व्होल्टांपर्यंतही. हे क्षणभरच टिकतं. पण बॅटरी सहीसलामत बाजूला असते, आणि जळतात ते मागे राहिलेले.

अर्जुन नेमकं हेच करायला निघाला होता. दोन्ही सैन्यांच्या मध्ये, इंजिन पूर्ण वेगात असताना, तार उपटायला. अठराव्या अध्यायात भगवंत त्यागाचे प्रकार सांगतात : मोहाने नेमलेलं कर्म टाकणं हा तामस त्याग, आणि अंगाला त्रास होतो म्हणून टाकणं हा राजस, त्याला त्यागाचं फळ मिळत नाही.

आपल्या परंपरेत याची सगळ्यात दुखरी कथा माउलींच्याच घरातली आहे. विठ्ठलपंत वैराग्याने काशीला गेले, संन्यास घेतला. मागे पत्नी रुक्मिणी आहे हे कळल्यावर गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवलं. त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही मुलं झाली. समाजाने त्यांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं, आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, असं परंपरा सांगते. क्रूरपणा समाजाचा होता, यात शंका नाही. पण उसळलेला दाब झेलला मुलांनी.

आणि त्याच घरातल्या मुलाने शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगताना आजच्या श्लोकावर काय दृष्टान्त दिला? नावेचा. पाणी तरून जायला नाव जशी बायका-मुलांनाही सोपी, तसा कर्मयोग जाणत्या-नेणत्या सगळ्यांना सोपा. पुढे माउली सांगतात की घरदार सोडायची गरजच नाही. सोडायचं ते मनाने धरलेलं. वडिलांच्या निर्णयाची किंमत मोजलेल्या मुलाने संन्यासाविरुद्ध एक कडवट शब्द न काढता हे सांगावं, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

कोणी म्हणेल, मग विनोबांचं काय? खरंच आहे. १९१६ साली ते परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि मधूनच काशीला गेले, घर सुटलं ते सुटलंच. पण तेव्हा ते विशीत होते, घर वडील चालवत होते. त्यांच्या जाण्याने कोणाचं औषध थांबणार नव्हतं. आणि काशीहून ते गेले ते गांधीजींच्या आश्रमात : दळणं, झाडणं, शिकवणं, सूत कातणं. मग आपल्या शेजारच्या वर्ध्याला, पवनारला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. आणि १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षं पायी फिरले. त्यांनी एक तार काढली ती त्याहून मोठ्या भाराला जोडून घेण्यासाठी. भार नको म्हणून नव्हे. संन्यास खरा की पळ, हे ओळखायची माझ्यापुरती खूण हीच आहे : तार काढल्यावर माणूस कशाला जोडला गेला?

पाण्याखालून नळी वर

घर की आश्रम, या दोनच पर्यायांत अडकलं की माणूस घुसमटतो. म्हणून नावेचा दृष्टान्त थोडा पुढे नेतो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. पहिली आयएनएस कलवरी १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात आली, सहावी वागशीर १५ जानेवारी २०२५ ला. या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवर चालतात. बॅटरी उतरली की काय करतात? दर वेळी बंदर गाठत नाहीत. पूर्ण वरही येत नाहीत. पृष्ठभागाच्या थोडं खाली येऊन हवेची एक नळी तेवढी वर काढतात, डिझेल इंजिन सुरू करतात आणि चालता-चालता बॅटरी भरतात. जहाज पाण्यातच, काम चालूच, हवा वरची.

आणि मोठ्या बोटींवर बॅटऱ्यांचे दोन संच असतात : एक दिवे आणि वायरलेससाठी, दुसरा फक्त इंजिन सुरू करायला. दोन्ही एकाच इंजिनावर भरतात, पण मध्ये अशी व्यवस्था असते की दिव्यांनी पहिला संच कितीही उतरवला तरी दुसऱ्याला हात लागत नाही. समुद्रात रात्री इंजिन सुरूच झालं नाही तर दिव्यांचा काय उपयोग?

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं : वर्षभर बंदरात जाण्याआधी नळी वर काढून बघ. पहाटेचा अर्धा तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत, हा तुझा दुसरा संच. त्यातून ऑफिसला काही द्यायचं नाही. आणि वर्षातून दोनदा सात-आठ दिवस एकांतात जा, पण क्रमाने : आधी बहिणीशी बोल, त्या दिवसांसाठी बाबांजवळ माणूस ठेव, आईला विश्वासात घे, मग जा. मदत मागणं म्हणजे पळणं नाही. ट्रॅफिकमध्ये इंजिन नुसतं घुरघुरत असताना एसी, दिवे, वायपर सगळं चालू असेल तर अल्टरनेटरसुद्धा कमी पडतो आणि बॅटरी चालू गाडीत उतरते. एकट्याने दोन वर्षं आजारपण ओढणाऱ्याचं तसंच होतं. त्याला 'कर्मयोग कर' म्हणून अजून भार देणं हा अधर्म आहे. त्याचा थोडा भार आपण घेणं हा धर्म.

तो अजून विचार करतोय. निर्णय त्याचा आहे आणि तो कोणताही घेतला तरी माझा भाऊच आहे.

एक गोष्ट मात्र मला या चिंतनात खटकत राहिली, ती सांगूनच थांबतो. मी इतका वेळ 'लोड' म्हणत आलो. पण वडील लोड नाहीत. गाडीत दिवे नसते, इंजिन नसतं, तर बॅटरी कशासाठी होती? नुसती शिशाची जड पेटी. जिच्याकडून कोणालाच काही जात नाही, ती भरलेली आहे की रिकामी याने काय फरक पडतो? 'माझी साधना' आणि 'माझं घर' असे दोन खाते उघडले की एक दुसऱ्याची चोरी करतंय असं वाटू लागतं. भगवंत कर्मयोगाला सरस म्हणतात ते बहुतेक यासाठीच, की त्यात हे दोन खाते राहत नाहीत. तोंडात नाम असताना वडिलांच्या पाठीला लावलेली पावडर कुठल्या खात्यात लिहिणार?

आजचा अभ्यास

१. आज झोपण्यापूर्वी मोजा : मला खरंच उतरवणारा लोड कुठला? माणसं, की माणसांनंतरचा मोबाईल?

२. उद्या पहाटे अर्धा तास किल्ली काढून बसा. घरात असा, जोडलेले असा, फक्त चालू नका असू.

३. ओळखीत कोणी एकटा आजारपण सांभाळत असेल तर या रविवारी दोन तास त्याच्या जागी बसा. त्याला नळी वर काढू द्या.

उद्या श्लोक ३ : घर न सोडताही 'नित्य संन्यासी' कोणाला म्हणायचं?

जय हरी विठ्ठल!